हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात बाबा इस्त्रीचा शर्ट घालून
बँकेत जायचे, आपण जिवंत आहोत हे सांगायला.
"दीना, चष्मा दे. मेलो नाही ते लिहून देऊन येतो."
खडे बाजारातून चालत, छत्री काखेत,
ऊन असलं तरी.

त्याआधी एकतीस वर्षं त्यांनीच घेतले होते लोकांचे दाखले:
नंदगड, संकेश्वर, बैलहोंगल, शेवटी कॅम्पातली शाखा.
थरथरत्या अंगठ्याला शाई लावायचे
आणि स्वतःच्या रुमालाने पुसायचे.
शनिवारी ते निळे डाग घासताना
आई कुणाचं नाव न घेता बडबडायची.

कानडीत विचारायचे, इंग्रजीत लिहायचे,
बेरीज मात्र मराठीत, ओठांतल्या ओठांत, हातचे दोन.
पाट्यांना डांबर फासलं त्या वर्षी
एकाने काउंटरवर मूठ आपटली, "साहेब, तुम्ही कुणाकडचे?"
"शिल्लक जुळेपर्यंत," बाबा म्हणाले, "कुणाकडचाच नाही."

एका संध्याकाळी सात रुपये जास्त निघाले.
कमी असते तर खिशातून घातले असते.
जास्त, म्हणून साडेनऊपर्यंत बसले,
ईरप्पा शिपाई दारात पेंगत,
आणि घरी माझा वाढदिवस, कुंदा ताटलीत तसाच.
सकाळी सायकलने सांबऱ्याला जाऊन
बाळव्वाच्या हातावर सात रुपये ठेवून आले.
मी आठ वर्षांची. मी त्यांना माफ केलं नाही.
खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण नाही.

सुधीरने कोर्टात लग्न केलं
तेव्हा दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत.
पण रात्रीच्या प्रार्थनेत नावं घेताना
पहिलं सुधीरचं, लगेच त्या मुलीचं.
देवाला सांगायचे, त्याला नाही.

पेन्शनच्या दिवशीच दशांश वेगळा, कोऱ्या नोटांत.
"देवाला फाटकी देतात काय गं?"
मराठी उपासना साडेआठची, कानडी दहाची;
दोन्हीकडे पाकीट, दोन्हीकडे तोच बेसूर आवाज
शेवटच्या कडव्यापर्यंत.

शेवटच्या आठवड्यात बोटं चादरीवर चालायची,
मध्येच अंगठा जिभेला लावून.
"किती झाले, बाबा?"
"थांब की. मध्ये बोललीस की चुकतं."

कबरीपाशी पाळकसाहेबांनी जे वाचलं
त्यावर बाबांचा विश्वास होता
बँकेच्या नियमांवर होता तेवढाच:
लिहिलंय म्हणजे मिळणार.
माती टाकताना मला तेवढी खात्री नव्हती.

या नोव्हेंबरात आईला घेऊन गेले.
काउंटरवर धारवाडकडचा कोवळा मुलगा.
मृत्यूचा दाखला घेतला, शिक्का मारला,
आमोस यशवंत कडोलकर, या नावावर
लाल रेघ ओढली, पट्टी लावून, सरळ.
(बाबांना आवडली असती.)
मग दुसरा कागद सरकवला,
"अज्जी, आता तुमचा. तुम्ही हयात आहात म्हणून."

आईचा हात कापतो, सही जुळेना.
मुलाने शाईचं पॅड पुढे केलं.
अंगठा उमटला, जरा तिरका.
मी पर्समधून बाबांचा रुमाल काढला, पुसला.
आई त्या डागाकडे बघत राहिली.
"हा आता घासूनसुद्धा जायचा नाही,"
म्हणाली, आणि रुमाल माझ्या हातातून घेऊन
स्वतःच्या कमरेला खोचला.