तुरे

तीन कुंड्या आल्या होत्या नागपूरहून,
कारच्या मागच्या काचेला तुरे टेकवून,
लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात.
प्रणोती म्हणाली, आई, मागे किती मोकळं मोकळं वाटतं.
मी म्हटलं, लाव.
मोकळं वाळवणासाठी असतं, हे नाही म्हटलं.

अकरा महिने राहिली ती.
गवताला हे चौथं वर्ष.
आधी हळदीच्या वाफ्यात शिरलं,
मग वालाच्या मांडवाखाली.
सांदवाडीत पाय ठेवला की
पातं पोटरीवरून फिरायचं,
रक्त घरात आल्यावर दिसायचं.

आज अंतकलाबाई आली सब्बल घेऊन.
बुडखा हलवून पाहिला.
"गाय खाते का हे?"
नाही.
"छप्पर शेकारता येते?"
नाही.
"मंग लावलं कायले, मास्तरीनबाई?"

एकोणतीस वर्षं फळ्यापुढे उभी राहून
प्रश्न मीच विचारले.
दिसायला, म्हटलं.
ती हसली नाही. तुऱ्यांकडे पाहिलं जरा वेळ.
"दिसते मातर," म्हणाली,
आणि सब्बल घातली.

कुंदा परवडला,
त्याची गाठ तरी हाताला लागते.
याची मुळं म्हणजे नुसती गुंतवळ.
ओढलं की अर्धा वाफा उठून येतो,
हळदीची कोवळी बोटं तुटतात,
वास सुटतो.

तिसऱ्या बुडख्याखाली कुंडी सापडली.
काळी, प्लास्टिकची, फुटून
मुळांच्या अंगात रुतलेली.
काढलीच नव्हती तिनं.
कुंडीसकट पुरलं होतं.
कुणी सांगितलं नव्हतं तिला.
मी ओट्यावरून बघत होते तेव्हा,
चहा पीत.

दुपारपर्यंत धुऱ्यावर ढीग लागला.
अंतकलाबाईनं वाळके तुरे वेगळे बांधले,
झाडणी होते का पाहते म्हणाली.
ओसरीत दोन हात मारले,
निघाला त्याहून जास्त कचरा
झाडणीचाच पडला.
"बिनकामाचं हाय बाप्पा."
पण फेकली नाही,
काखेत धरून नेली.

फाटकाशी थांबून सांगून गेली,
बी पडलंच असन,
अजून दोन-चार वर्सं निंदाच लागन.

कुंडी धुतली मी न्हाणीपाशी.
माती धरणार नाही आता,
पाणी घातलं तर भेगेतून जातं.
स्टिकर मात्र शाबूत आहे,
तीनशे चाळीस रुपये,
आणि खाली बारीक अक्षरात:
ऊन भरपूर. पाणी बेताचं.
लावण्याआधी कुंडी काढावी.