सात नंबरचं धुणं

मी कपडे धुवायचो. खेळातलं मला विचारू नका.
वास्कोत, कंपनीच्या शेडमागे दगडी डोण,
सोमवारी सकाळी पंधरा जर्सी, पंधरा चड्ड्या
आणि मोजे, त्यातला एक कायमचा हरवलेला.

सात नंबर ओळखायला पाठ बघावी लागत नसे.
इनास बार्रेटोची जर्सी डाव्या कुशीला मळायची.
डावीकडे पडायचा, डावीकडूनच उठायचा.
त्या मैदानाची माती म्हणजे खाणीचीच भुकटी,
साबण संपतो, ती संपत नाही.
माझ्या नखांत अजून आहे, बघा.

कुडतरीचा. बाप बोटीवर कुक.
त्यालाही बोटीचं बोलावणं आलेलं.
"डेकवर जोरात मारला तर चेंडू समुद्रात,"
एवढंच म्हणाला आणि कंपनीत कारकून झाला,
ज्याने एकही फाईल उघडली नाही असा कारकून.

अकरा मोसम. गोल किती, ते पेपरवाले सांगतील.
मला रक्त कुठे होतं ते माहीत:
एकदा कोपरावर, दोनदा मोज्यात,
आणि म्हापशाच्या त्या सामन्यात कुठेच नाही.
गुडघा आतल्या आत फाटला.
जर्सी इस्त्रीची असावी तशी आली माझ्याकडे.
मी ती तरीही धुतली.
दोनदा.

मग खाणी थांबल्या. नोटीस एका पानाची,
तीत फुटबॉल हा शब्दच नव्हता,
'अनुत्पादक विभाग' असं होतं.
इनास शेडमागे आला, कुबडी नुकतीच सुटलेली.
"पुंडलिकबाब, जर्सींचं काय करतोस?"
म्हटलं, पोत्यात भरतोय.
"भर. आणि पोत्यांबरोबर तूही चल."
मडगावला बस बदलली. कंडक्टरने
दोन पोत्यांपैकी एकाचंच भाडं घेतलं,
दुसऱ्यावर इनास बसला होता.

आता मैदान म्हणजे कोमुनिदादचं शेत,
कापणी ते पेरणी एवढंच आपलं.
भाताचे खुंट तळव्यांना टोचतात,
मोठ्यांच्या जर्सी पोरांच्या गुडघ्यांपर्यंत येतात,
वाऱ्यात नुसते आकडेच धावताना दिसतात.
तो त्यांना आधी पडायला शिकवतो.
कुठल्या कुशीवर, हात कुठे, गुडघा कसा मऊ.
आई-बाप बांधावरून बघतात आणि म्हणतात,
हा कसला कोच, पोरांना पाडतोय.

संध्याकाळी तळ्यावरून बगळे उतरतात,
तेव्हा खरा तास सुरू होतो.
चेंडू त्यांच्यामधून न्यायचा.
बगळा उडाला की चूक. शिट्टी.
पुन्हा बांधापासून.

पोरांचं आठवडाभर नुसतं पांढरं उडत राहायचं.
मग जोविता आली. चौदाची, अनवाणी, नाक वाहतंय.
बगळ्याने मान वळवली, एवढंच.
चेंडू त्याच्या पायाशेजारून गेला
आणि तो आपला बेडूक शोधत राहिला.
इनासने शिट्टी तोंडातून काढून खिशात ठेवली.
सात नंबर त्याच दिवशी तिला दिला.

दोन वर्षं मी पुन्हा डावी कुस घासली.
काळी माती. लाल डागावर काळा.

मग तिच्या बापाचे पोर्तुगालचे कागद झाले.
तिथून इंग्लंड, मावशीकडे, बिस्किटांच्या कारखान्याजवळ.
शाळेला दाखला हवा होता, खेळाचा.
इनास ओट्यावर दुपारभर कागद घेऊन बसला.
शेवटी चार ओळी लिहिल्या.
मी वाचल्या नाहीत. शाई मात्र
एके ठिकाणी पसरली होती,
घाम असेल, मे महिना होता.

"जर्सी?" मी विचारलं.
"यापुढे चौदाच मोज."

मी अजून पंधराच मोजतो. हाताची सवय.

काल पोरं गेल्यावर डोणीपाशी मी पिळत होतो,
तर शेतात एकटा इनास, पायात चेंडू,
बगळ्यांच्या दिशेने, लंगडत, अगदी हळू.
पहिला बगळा राहिला. दुसराही.
तिसऱ्या पावलाला गुडघा कुरकुरला असणार,
सगळं शेत एकदम उडालं.

"चूक," तो मोठ्याने म्हणाला,
खिशातून शिट्टी काढून स्वतःलाच वाजवली
आणि बांधाकडे परत चालू लागला.
मी मान खाली घालून
कुणाचा तरी एकटा मोजा पिळत राहिलो.