पुन्हा बघ

सराफ्यात, चांदीच्या दुकानाच्या माळ्यावर,
रात्री साडेअकराला
माझी स्क्रिप्ट चालून राहिली आहे.
पुण्याचे गद्रे फोनवर हसतात:
चालून राहिली नाही हो, चालते आहे.
असेल. इंदुरात सगळं चालून राहतं.

पैंजणं, वाट्या, निरांजनं, एक छत्र,
एकोणीस वर्षांची बिलं,
आणि मध्येच एका बिलावर तारखेऐवजी
शेठजींच्या वडिलांचं अक्षर:
कार्तिक बदी पंचमी.
(इथली बदी. आपल्या घरी तो अजून आश्विनच.)

तिथी उलगडणारं मॉड्यूल सापडलं नाही,
म्हणते ती. माझ्या लॅपटॉपवर होतं.
या जुन्या डब्यावर कुणी टाकलंच नव्हतं.

बरं, मी दुपारीच लिहून ठेवलं होतं,
अडलीस तर मरू नकोस, मला विचार.
विचारतेय.
पाच तासांची मोजदाद तळहातावर धरून
उभी आहे, कर्सर लुकलुकतोय.

नाव एकेक अक्षर बघून टाइप करते.
मुंगी सर सांगायचे, एका वेलांटीच्या फरकाने
भलताच माणूस दारात येतो,
आणि चालत्या घरात शिरलेला
घरचाच समजला जातो.

खाली गेंदालालच्या कढईत गराडू.
मसाला संपलाय. पोरगा पळालाय
बजाजखान्याच्या बोळातून आणायला.
गेंदालाल आच कमी करतो, विझवत नाही.

आलं. उतरलं. जागेवर बसलं.
तरी ती म्हणते, सापडलं नाही.

मी दोनदा तपासते. आहे की.
मग लक्षात येतं, ही घराकडे बघतच नाहीये,
संध्याकाळी सहाला केलेली
घराची यादी वाचतेय.
त्या यादीत ते कसं असणार?

तेवढ्यात खालून आवाज,
"अरे मसाला कहाँ मर गया!"
आणि गिऱ्हाइकांचं हसू,
आणि पोराचा बारीक, दमलेला स्वर:
"दादा, कोहनी के पास रखा है. कब से."

मीही एवढंच लिहिते.
यादी टाकून दे. पुन्हा बघ.

पंचमीला इंग्रजी तारीख मिळाली,
मंगळवार होता म्हणे.
पुढचं बिल. जोडवी, दोन जोड.

गद्र्यांचा परत फोन: झालं का?
होऊन राहिलंय, मी म्हणते,
आणि चपला शोधते.
गराडू गरमच खावा लागतो.