विंगेतली खुर्ची

तिसरी घंटा झाली की माझं काम सुरू.
मांडीवर वही, वहीवर पेनाएवढा टॉर्च.
कुणी अडलं तर वाक्य द्यायचं,
तेही असं की पहिल्या रांगेला वाटावं, पडदाच हलला.
कामगार नाट्यस्पर्धेत शिकलो हे.
स्टेजला माझा आवाज पुरायचा नाही,
कुजबुजीला पुरतो.

नाटक दोन भावांचं आहे,
ओडिशातून चाकणला आलेल्या.
एक खोली, थोरल्याची बायको, एक टेबल फॅन,
खिळ्याला दोन पँटी.
लिहिणारे कोथरूडचे. दोनदा जाऊन
खोलीची मापं घेऊन आले.
थोरला झालेला मुलगा आयटीत आहे,
त्याच्या मळक्या शर्टाला दर प्रयोगाआधी इस्त्री होते.
शर्टाचं सोडा,
फॅनचं मात्र बरोबर लिहिलंय:
तो फिरत फिरत धाकट्याकडे येतो
आणि तिथंच जरा जास्त थांबतो,
असं थोरल्याला वाटतं.

लिंबाजीला मीच आणलं भोसरीत.
मुखेडहून आला, शिवाजीनगरला उतरला,
हातात आईनं दिलेलं ज्वारीचं पीठ
अन् पायात माझीच जुनी चप्पल.
मी त्याला व्हर्नियर वाचायला शिकवलं.
सहा महिन्यांत माझी रीडिंगं तो तपासायला लागला,
हळूच, कुणाला कळू न देता.
ते जास्त लागलं.
रात्री जेवताना सुपरवायझरची नक्कल करायचा
अन् मंजुळा हसायची,
तोंडाला पदर लावून नाही,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
आठ वर्षांच्या संसारात
हे हसू मला ठाऊक नव्हतं.

काही नव्हतं हो त्यांच्यात.
असतं तर बरं झालं असतं,
भांडायला काही सापडलं असतं.

पिंपरीच्या मोठ्या कंपनीचं पत्र आलं त्याच्या नावाचं.
सोळा तारखेपर्यंत हजर व्हा.
मी ते पत्र्याच्या पेटीत ठेवलं, रेशनकार्डाखाली.
"दादा, आलं का काही?"
"टपालाचं काय खरं असतंय," मी म्हणायचो.
सतरा तारीख गेली.
सतराला मी पेढे आणले होते, कशाचे ते आठवत नाही.

दिवाळीच्या साखरेसाठी मंजुळानं पेटी उघडली.
पत्र त्याच्या ताटाशेजारी ठेवलं
अन् भाकरी वाढली.
त्यानं वाचलं, होत्या तशाच घड्या घातल्या,
भाकरी संपवली. पाणी प्याला.
पहाटे गेला, अनवाणी.
मुखेडला पोचला नाही.
आई वारली तेव्हाही नाही.

आज तिसऱ्या अंकात थोरला अडकला.
वाक्य लहान होतं: "मीच केलंय हे. मी."
माझं बोट त्यावरच होतं.
त्यानं विंगेकडं पाहिलं. मी वहीकडं.
धाकटा झालेला पोरगा ताट हातात धरून उभा,
नुसता उभा.
मागच्या रांगेत कुणाच्या तरी चिप्सचं पाकीट
वाजायचं थांबलं.
मग टाळ्या. एवढ्या, की पडदा आधीच पाडला.

लेखक धावत आत आले, डोळे ओले.
म्हणाले, ही स्तब्धता कायम ठेवू या.
मग जरा थांबून,
"पण काका, तुम्ही वाक्य का नाही दिलंत?"
म्हटलं, टॉर्चचा सेल गेला.

मनपावरनं शेवटची भोसरी बस.
घरी दिवे गेलेले.
मंजुळा जागी होती. तिलाही तेच सांगितलं, सेल गेला.
तिनं अंधारातच पिशवी चाचपली,
टॉर्च काढून दाबला.
लागला.
दारामागच्या जुन्या चपलेवर उजेड पडला
आणि तिथंच
जरा जास्त थांबला.