चौदा गोळ्यांचं पाकीट

दहाव्या महिन्यात अंगावरचं तोडलं
आन् पंधरा दिवसांत शिवकन्येच्या तोंडाभोवती
लाल कडं उठलं,
कुंकवाचा करंडा चाटून आल्यासारखं.

मग बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला,
मग लंगोटाच्या जागी,
सालटं निघालेलं, ओलं.
केस गोधडीवर राहू लागले, भुवयासुद्धा.
हगवण थांबेना.
उजेडात नेलं की मान फिरवायची.
रडणं असं, की शेजारीण भिंतीवर थाप मारायची,
‘अगं, घे की तिला!’
घेतलेलीच होती.

आत्या म्हणाली, बाहेरचं आहे.
आत्या म्हणजे सासूच माझी.
तिनं उतारा टाकला, लिंबाच्या पाल्यानं धुतलं.
मुखेडच्या दोन डॉक्टरांची मलमं
नळ्या चपट्या होईस्तोवर लावली.

आशाताई चतुराबाईनं हगवणीवर
मीठसाखरेची पुडी दिली
आन् चौदा गोळ्यांचं पाकीट.
चमचाभर पाण्यात विरघळव, म्हणाली, रोज एक.
चौथ्या दिवशी हगवण धरली.
सहाव्याला कडं फिकं पडलं.
नवव्याला व्यंकटच्या हातोडीचा आवाज ऐकून
हसली.
पाकीट संपलं.
अकराव्या दिवशी कडं परत.

हे सगळं मी
दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहिलेलं.

नांदेडच्या दवाखान्यात चौघांनी तपासलं.
पाचवी लहानशीच पोरगी, हातावरची मेंदी उतरत आलेली.
कॅलेंडर तिनं उभ्यानंच वाचलं.
मग खुर्ची ओढून बसली.
‘पुन्हा सांगा. गोळ्या संपल्यावर किती दिवसांनी?’
कुणी मला पुन्हा सांगा म्हणालं,
हे पहिल्यांदाच.

‘नात्यातलं लग्न?’
‘आत्याचा मुलगा.’
लिहून घेतलं. रागावली नाही.
रक्ताचा कागद आल्यावर म्हणाली,
‘जस्त.
हिच्या आतड्याला अन्नातलं जस्त धरता येत नाही.
तुमच्या दुधातलं तेवढं धरत होती.’

व्यंकट कसंनुसं हसला.
आमचं दुकानच पत्र्याचं.
बादल्या, कोठ्या, कोंबड्यांची खुराडी,
वर छप्पर, सगळं जस्ती.
त्याच्या नखांतसुद्धा तोच चुरा.

एसटीत आत्या खिडकीला टेकून गप्प.
कंधार मागं पडल्यावर बोलली, माझ्याकडं न बघता,
‘माझ्या थोरल्याला असंच झालं होतं.
व्यंकट पोटात राहिला म्हणून
मी त्याचं दूध लवकर तोडलं.’
पुढं काही नाही.
तिकीट तिनं मुडपून मुडपून
ज्वारीच्या दाण्याएवढं केलं.

आता रोज सकाळी गोळी आत्याच विरघळवते.
चहाबिस्किटाच्या आधी, उपाशीपोटी.
किती दिवस, असं तिनं एकदाच विचारलं.
जन्मभर, मी म्हणाले.
बरं, म्हणाली.

शिवकन्येला जावळ आलंय, कणसाच्या तुऱ्यासारखं.
चमचा दिसला की तोंड घट्ट मिटते,
मग स्वतःच उघडते.

परवा मी आत्याला थोरल्याचं नाव विचारलं.
या घरात ते कधी ऐकलं नव्हतं.
‘कोंडिबा,’ म्हणाली,
आन् गोळी केव्हाच विरघळली तरी
चमचा हलवत राहिली.