सोळा बोल्ट

गोदापार्कात, गंगेच्या अंगाला,
नव्या पेव्हर ब्लॉकवर
चार बाकं मांडली ठेकेदारानं.
रंग ओला, हिरवा. बिल तयार.
मी मेजरमेंट बुक उघडलं, पेन काढलं,
आणि सवयीनं
पहिल्या बाकाला गुडघ्यानं ढोसलं.

ते हललं.
फार नाही. दुधाचा दात हलावा तितकं.

रतन पगारे उकिडवा बसला, पाना बाजूला ठेवला.
"मॅडम, बोल्टनं ब्लॉक धरलाय.
ब्लॉकला कोणी धरलंय?"
पटाशीनं एक ब्लॉक उचलून दाखवला :
खाली दोन बोटं कच
आणि मुंग्यांची पळापळ.

मागल्या पुरात इथलंच एक बाक
दसकच्या पुलाशी सापडलं होतं,
पाय वर करून. बोल्ट शाबूत,
एकेका बोल्टाला एकेक ब्लॉक
घुंगरासारखा लटकलेला.

मग खोदलं. पायागणिक फूटभर खड्डा.
एका जागी जुना पाइप लागला, नकाशात नव्हता,
तो मी पेन्सिलनं काढून घेतला
आणि बाक वीतभर सरकवलं, कडुनिंबाकडे.
काँक्रीटमध्ये चार-चार जे-बोल्ट उभे,
तारेनं एकमेकांना जखडलेले
भांडखोर भावांसारखे.
रतननं पाटावर पाणसळ ठेवली.
बुडबुडा बरोब्बर मध्यावर आला,
तर यानं मागच्या पायांखाली पत्र्याची चकती सारली.
"थोडा उतार पाहिजेच. पाणी साचायला नको.
बसणाऱ्याला कळणार नाही एवढा."
नट आवळले, वर वेल्डिंगचा एकेक टाका,
तो भंगारवाल्याच्या नावानं.

भोवती सुतळी. पायांशी ओलं गोणपाट.
पुठ्ठ्यावर खडूनं : सात दिवस बसू नये.

साहेबांचा फोन आला, बिल कुठं अडलं?
मी म्हटलं, मुरतंय.

चौथ्या दिवशी सकाळी
कोठावदे आजोबा सुतळीच्या बाहेर,
घरून आणलेल्या घडीच्या स्टुलावर,
बाकाला अगदी खेटून.
चालणं झालं होतं. गुडघे चोळत होते.
"अजून तीन," माझ्याकडे न बघताच म्हणाले,
पिशवीतून बाटली काढली,
अर्धी गोणपाटावर ओतली,
उरलेली प्यायले.