ओलीचा दर

टॉडमॉर्डनच्या उतारावर काळ्या दगडाचं घर.
मिस्टर ऑग्डेन दारात, हातात दुसऱ्याच कुणाचं
अकरा हजार पौंडांचं अंदाजपत्रक.
"तुम्ही तासाला किती घेता?"
मी म्हटलं, पस्तीस.
"चालेल," ते म्हणाले,
पापणी लवायच्या आत.

ते "चालेल" मला अजून ऐकू येतं.
जरा घासाघीस झाली असती तर बरं वाटलं असतं.
इतक्या झटकन होकार आला की समजावं,
आपण दुकान नाही मांडलं,
सदावर्त घातलंय.

ओल मला सात मिनिटांत सापडली.
भिंतीत नव्हतीच ती. वर पन्हळीत
हिरवी लव झडलेला एक टेनिसचा चेंडू,
आणि त्यामागे दोन हिवाळ्यांचं पाणी
वाट फुटेल तिकडे.
सात मिनिटं. म्हणजे चार पौंड, आठ पेन्स.

मग मी जे केलं ते सांगायची लाज वाटते.
उरलेला तास मी भिंती ठोकत राहिले.
मीटर लावला, भुवया चढवल्या,
वहीत "हं" लिहिलं.
खरंच, "हं" एवढंच लिहिलं.
अठरा वर्षं चुना आणि दगड शिकले
आणि त्या दुपारी विकलं काय, तर नाटक.
पस्तीस पौंड घेतले, त्यांचे अकरा हजार वाचले,
आभार मात्र मीच मानले.

मिरजेत आई ब्लाउज शिवायची.
"किती झाले?" कुणी विचारलं
की हिची नजर मशिनच्या चाकावर:
"द्या, तुम्हाला वाटेल ते."
लोकांना नेहमी कमीच वाटायचं.
भीड भिकेची बहीण, असं तीच म्हणायची
आणि त्या बहिणीला रोज पानावर बसवायची.

त्या रात्री हॅलिफॅक्सला, गॅसच्या बिलाच्या पाकिटामागे
पहिल्यांदा नीट हिशेब मांडला.
विमा. व्हॅनचं डिझेल. मीटरची तपासणी.
फेब्रुवारीतला तो आठवडा, फोन एकदाही न वाजलेला.
फ्लू. म्हातारपण.
कोटेशनं लिहिण्यात गेलेल्या रात्री,
तिनातलं एक लागतं, दोन वाऱ्यावर.
वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट,
त्यातले विकता येतात मोजून एकशे दहा.
उरलेल्या दिवसांनाही भूक लागतेच.

आकडा आला तो बघून मीच दचकले.
आरशासमोर म्हणून पाहिला.
आधी त्याच्या पुढे "साधारण" चिकटलं,
मग मागे "पण बघू आपण" लोंबायला लागलं.
दोन्ही कातरले, शिलाईचे जास्तीचे दोरे कातरावेत तसे.
घरामागे चारशे ऐंशी.
सात मिनिटं लागोत की सात दिवस,
ओल शोधणं माझ्याकडे लागलं.
आणि आकडा सांगून झाला की गप्प बसायचं.
हेच सगळ्यात अवघड.
ती शांतता भरायला
जीभ आतून दार वाजवत राहते.

काहीजण फिरकले नाहीत. एक तर हसलाच.
तेवढ्या वेळात दुसऱ्यांचे फोन आले.

मग गल्लीच्या टोकाच्या मिसेस क्रॅबट्री.
नवरा नुकताच गेलेला, जिन्याखाली बुरशी.
मी बिल केलं: चारशे ऐंशी.
त्याखाली: शेजाऱ्यांना सवलत, चारशे ऐंशी.
द्यायचे: शून्य.
मोल दाखवावं आणि मग सोडावं,
एवढं आता कळलं होतं.
त्यांनी चष्मा लावला, पेन मागून घेतलं
आणि सवलतीची ओळ खोडली.
"महिन्याला चाळीस," म्हणाल्या, "बारा महिने.
फुकट बघितलेल्या भिंतीवर
माझा भरवसा बसायचा नाही."

विसाच्या दोन नोटा, लॅव्हेंडरच्या वासाच्या.
मी त्या कपाळाला लावल्या,
भवानीचे पैसे आई लावायची तशा.
आणि आईनं कधीच केलं नाही ते केलं.
त्यांच्यासमोर मोजल्या.